हनुवटीवरचा तीळ

वहिनींना हेवा करायला बाईच लागते असं नाही. फरशीही पुरते.

वहिनी म्हणजे माझ्या कामावरच्या जोडीदाराची बायको. रक्ताचं नातं नाही. पण आम्ही दोघांनी मिसरूड फुटल्यापासून केस पिकेपर्यंत बरोबर फरश्या बसवल्या, त्यामुळे त्याची बायको ती माझी वहिनी. तो बसवायचा. मी माल कालवायचो, फरश्या कापून द्यायचो. कामावर सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. याला दोरी लागायची नाही. दारात उभा राहून सांगायचा, "डावा कोपरा बसलाय." आम्ही पाणसळ, म्हणजे पातळी बघायची पट्टी, लावून बघायचो. खरंच खाली बसलेला असायचा.

फरशी बघायची त्याची एक रीत होती. काम संपलं की तो जमिनीवर आडवा व्हायचा, गाल फरशीला लावायचा आणि खिडकीतून आडवा उजेड येत असेल त्या बाजूला बघत राहायचा. वरून बघितली की कुठलीही फरशी चांगलीच दिसते. आडव्या उजेडात तिचं खरं तोंड कळतं. सांधा केसाएवढा वर राहिला तरी त्याची सावली पडते.

लग्न नवीन असताना त्याने वहिनींना एक मोठा दिवाणखाना दाखवायला नेलं. काम त्याच दिवशी संपलं होतं. वहिनी ठेवणीतले कपडे घालून आल्या. हा गडी गाल टेकून जो पडला तो उठेना. वहिनी भिंतीपाशी उभ्या. शेवटी म्हणाल्या, "फरशीशीच लग्न करायचं होतं. ती उलटून बोललीही नसती."

मी हसलो. तोही हसला. वहिनी हसल्या नाहीत.

त्यांचं चुकत नव्हतं. ओळंब्याने बायकोकडे कधी निरखून बघितलंय असं मला आठवत नाही. तो म्हणायचा, "बायको रोजच समोर असते. फरशी एकदाच नवी असते." वहिनी हे ऐकून घ्यायच्या आणि मनात ठेवायच्या. त्यांच्या मनात जागा भरपूर.

वहिनी घरी इस्त्री करतात. बाहेरच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर घडी घातलेलं ब्लँकेट, वर पांढरं कापड ताणून बांधलेलं. एका दवाखान्याचे कोट, चादरी, आसपासच्या लोकांचे शर्ट. दिवसभर उभ्याने काम. कॉलर त्या टोकाकडून मधे आणतात. उलट केलं की टोकाला चुणी पडते आणि पुन्हा पाणी मारावं लागतं. एकच कपडा दोनदा करणं त्यांना आवडत नाही. मलाही आवडत नाही, म्हणून आमचं पटतं. त्यांच्या हातून कपडा जळल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

ओळंब्याचे डोळे बिघडले ते आधी मला कळलं, मग त्याला. तो एका दुकानाची फरशी बसवत होता. सारखा उठायचा, दोरी पुन्हा बांधायचा. "दोरी सैल आहे," म्हणाला. मी ताणली. "वाकडी आहे." दोरी कशी वाकडी असेल? मग म्हणाला, फरश्याच वाकड्या आल्यात. मग म्हणाला, भिंत वाकडी आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणालो नाही, पण तोंडापर्यंत आलं होतं. त्या ओळीतला सांधा चांगला बोटभर पसरला होता. मी माल ओला होता तोवर ती ओळ काढून पुन्हा बसवली. तो पायरीवर बसून राहिला.

डॉक्टरांनी त्याच्या हातात एक कार्ड दिलं. आडव्याउभ्या रेघांचे चौकोन, मधोमध ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. ओळंब्याने बघितलं आणि विचारलं, "ही कुणी बसवली? मधे पार बसलीय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नीट समजावलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. जिकडे रोखून बघाल तिथेच धुरकट डाग दिसेल, रेघा वाकतील. याला चष्मा नाही, ऑपरेशन नाही. पण कडेची नजर राहील, पूर्ण अंधार होणार नाही. घरी रोज हे कार्ड बघायचं, रेघा अचानक जास्त वाकल्या तर लगेच यायचं. आणि कमी दिसणाऱ्यांसाठी एक केंद्र आहे, तिथे जायचं. उरलेली नजर वापरायला शिकवतात.

वहिनीही आमच्यासोबत होत्या. त्यांनी "ऑपरेशन नाही" एवढंच ऐकलं. त्यापुढचं मी ऐकलं.

घरी येऊन वहिनींनी कारभार हातात घेतला. खिडकीला जाड पडदा लावला. मोठा दिवा काढून बारका लावला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वस्तू वापरली की झिजते. चादर झिजते, इस्त्रीची वायर झिजते, तसा डोळा. उरलाय तेवढा पुरवून वापरायचा. टेबलापाशी त्यांना स्वतःला उजेड लागायचा म्हणून पडद्याची एक फट तेवढी उघडी. ओळंबा आतल्या बाजूला खुर्चीत. चहाचा कप त्या त्याच्या हातात द्यायच्या, बोटं कपाच्या कानात अडकवून. शर्टाची बटणं लावून द्यायच्या. सकाळी उठून इस्त्री, मधे त्याचं सगळं, पुन्हा इस्त्री. मेहनत थोडीथोडकी नव्हती. पण मेहनत चुकीच्या जागी पडली की माल वाया जातो. मी तसं म्हणालो.

"भाऊजी, तुम्ही तुमचे डोळे सांभाळा," वहिनी म्हणाल्या. "माझा माणूस मी सांभाळते."

माझा माणूस. हा शब्द त्यांनी जरा चवीने उच्चारला. माणूस आता घरात होता, दिवसभर होता, आणि त्याच्यासमोर कुठली फरशी नव्हती. हेही मला कळत होतं.

फक्त एक गोष्ट त्यांना टोचायची. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या की तो विचारायचा, "कोण?"

"घरात दुसरी कोण आहे?"

"नाही, तोंड दिसत नाही ना. नुसता काळा आकार दिसतो."

एवढं झालं की त्या टेबलाकडे वळायच्या आणि इस्त्री जरा जोरात टेकवायच्या.

केंद्रात मी त्याला नेलं, वर्षभराने. वहिनींना काम सोडता येत नव्हतं आणि त्यांची इच्छाही नव्हती. "जाऊन या," म्हणाल्या, "तेवढेच पाय मोकळे होतील."

जागा साधी होती. एका शाळेमागची लांब खोली. एका भिंतीला गडद निळा रंग, बाकीच्या पांढऱ्या. टेबलावर मान वाकवता येणारे दिवे. दिवा असलेली भिंगं, लहानमोठी. पांढऱ्या कपांच्या शेजारी काळे कप. पांढऱ्या कपात दूध ओतलं तर काठ कळत नाही, काळ्यात कळतो, म्हणून. बोलणारं घड्याळ होतं, ते दर थोड्या वेळाने कुणी न विचारता बोलायचं. शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या असतील. आवाज मोठा, बोलणं मोजकं.

"तुम्हाला काय बघायचंय?" त्यांनी विचारलं.

"सांधा," ओळंबा म्हणाला.

"कसला?"

"फरशीचा."

"सांध्याला उशीर आहे. आधी मी दिसते का बघू."

त्या निळ्या भिंतीपुढे बसल्या. दिव्याची मान बाजूने स्वतःच्या तोंडावर वळवली. म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघा."

"नाक नाही. डाग आहे."

"बरोबर. जिथे बघाल तिथे डाग येणार. मग डागालाच दुसरीकडे पाठवा. माझं तोंड सोडा. माझ्या कानाच्या वर बघा, भिंतीकडे. डोळे तिथेच ठेवा आणि मी कडेला दिसते का सांगा."

ऐकायला सोपं आहे. करून बघा. डोळ्याची जन्माची सवय, हवं त्याच्याकडे धावायची. ओळंब्याचे डोळे भिंतीवर जात आणि लगेच नाकाकडे पळत. पुन्हा भिंत. पुन्हा नाक. त्याच्या कपाळावर घाम आला. पहिल्यांदा माल थापायची करणी हातात धरली होती तेव्हाही त्याला एवढा घाम आला नव्हता. बाई हलल्या नाहीत. डावीकडे बघून झालं, खाली बघून झालं. मग उजवीकडे वर.

"थांबा," तो म्हणाला. "आलं काहीतरी."

"डोळे हलवू नका. काय आलं?"

तो बराच वेळ भिंतीच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या हनुवटीवर तीळ आहे. डाव्या बाजूला."

आणि हसला. वर्षभरात तो हसलेला मी बघितला नव्हता.

रस्ताभर तो तेच सांगत होता, जसा काही मी तिथे नव्हतो. घरी शिरला तो चप्पल न काढता वहिनींच्या टेबलापाशी गेला.

"अगं, दिसलं! तोंड दिसलं! बाईंच्या हनुवटीवर तीळ आहे, तो दिसला!"

वहिनींच्या हाताखाली पांढरा शर्ट होता. हात थांबला. इस्त्री कॉलरवरच.

"कुठे आहे म्हणालात तीळ?"

"हनुवटीवर. डावीकडे."

"अस्सं. आणि मला कुठे आहे?"

"तुला तीळ नाही."

"हे बघून सांगितलंत की आठवून?"

तो खरं बोलणारा माणूस. "आठवून," म्हणाला.

तेवढ्यात मला वास आला. वहिनींनाही आला. त्यांनी झटक्यात इस्त्री उचलली आणि कॉलर बघायला वाकल्या, आणि तीच इस्त्री त्यांच्या हनुवटीला लागली. नुसतं टोक. आवाजही केला नाही. ओठ घट्ट मिटले आणि पाण्याच्या वाटीत बोटं बुडवून हनुवटीला लावली.

"कसला वास?" ओळंब्याने विचारलं.

"कपडा लागला."

"तुझ्या हातून?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. बोलू नका. मी बोललो नाही. नवराबायकोतलं आहे, आपण मधे कशाला पडायचं.

त्या दिवसापासून त्या घरात तीळ राहायला आला.

"चहात साखर कमी आहे," ओळंबा म्हणाला की, "तीळ घाला थोडे." शर्ट कुठला घालू विचारलं की, "मला काय विचारता, ज्यांचं तोंड दिसतं त्यांना विचारा." बाईंनी मोठ्या अक्षरांचं एक कार्ड सरावाला दिलं होतं, ते चादरींच्या गठ्ठ्याखाली जायचं. गॅसच्या बटणावर आणि इस्त्रीच्या चकतीवर चिकटवायला फुगीर पिवळे ठिपके दिले होते, बोटाला लागले की कुठे थांबायचं ते कळतं. ओळंब्याने हौसेने चिकटवले. संध्याकाळपर्यंत वहिनींनी नखाने खरवडून काढले. "माझ्या घरात तिच्या खुणा नकोत." वाकत्या मानेचा दिवा मिळाला होता. तो कपाटावर गेला, पत्र्याच्या पेटीमागे.

वहिनींनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. दिसायला कशी आहे?"

"मी काही बघितलं नाही."

"डोळे धडधाकट आहेत ना तुमचे?"

"आहेत."

"मग त्यांचा उपयोग काय? ज्याला दिसत नाही तो तीळ मोजून येतो आणि ज्याला दिसतं तो म्हणतो बघितलं नाही!"



एकदा त्यांनी स्वतःच करून बघितलं. मी कट्ट्यावर बसलो होतो. वहिनी पडद्याच्या फटीपुढे जाऊन उभ्या राहिल्या, केस नीट केले आणि म्हणाल्या, "बघा. मी इथे आहे. तिला बघितलंत तसं मला बघा."

ओळंबा खुर्चीत सरसावला. बाईंनी शिकवलं होतं तसं त्याने डोळे उजवीकडे वर नेले.

"अहो, मी इकडे आहे. कपाटाकडे काय बघता?"

"असंच बघायचं असतं."

"तोंड फिरवून?"

"डोळे फिरवून. थांब जरा."

त्या थांबल्या. त्याने जीव तोडून बघितलं. मला त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. शेवटी म्हणाला, "काळंच दिसतंय."

वहिनींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. टेबलापाशी जाऊन त्यांनी एक चादर उलगडली, जी आधीच करून ठेवली होती, आणि पुन्हा इस्त्री केली. एकच कपडा दोनदा.

पुढच्या खेपेला बाईंनी ओळंब्याला सांगितलं, घरी कोण आहे त्यांना घेऊन या. नजर इथे शिकवता येते, पण राहायचं तुम्हाला घरात आहे. घरात उजेड कुठून येतो, सामान कुठे आहे, ते मला बघावं लागेल. त्यांना यायला जमत नसेल तर मीच तुमच्याकडे येते.

ओळंब्याने घरी निरोप दिला. वहिनींचा पारा चढला.

"ती इथे येणार? माझ्या घरात? येऊन काय बघणार, मी कशी नांदते ते?"

"घर बघणार. उजेड बघणार."

"उजेड! तुम्हाला बायको दिसत नाही आणि तिला उजेड बघायचाय. आता ऐका. तिकडे जायचं बंद."

"मी जाणार."

"जायचं तर जा. मग तिकडेच राहा. तीळ बघत बसा जन्मभर."

ओळंबा मला म्हणाला, "राहू दे." आणि खुर्चीत जाऊन बसला.

तो जाईनासा झाला. मी दोनतीनदा न्यायला गेलो, तो उठला नाही. हात मांडीवर, डोळे समोर, जिथे त्याला काहीच दिसत नाही नेमकं तिकडेच. सराव सुटला की हात जड होतो, आमच्या कामात सगळ्यांना ठाऊक आहे. डोळ्याचंही तसंच असणार. मला राग आला होता. माणसाने एवढा घाम गाळून एक गोष्ट मिळवली, आणि ती अशी मातीत घालायची? मी वहिनींना म्हणालो, "जिंकलात. आता तुमचा माणूस पुरा तुमचा. तुम्ही त्याला दिसला नाहीत तरी चालेल, दुसरं कुणी दिसायला नको. असंच ना?"

त्या कॉलर करत होत्या. टोकाकडून मधे. हनुवटीवरचा डाग आता खाकी पडला होता, घेवड्याच्या बीएवढा.

"नाही," त्या म्हणाल्या. "असं नाही. मला दिसायचंय." मग इस्त्री उभी केली, वायर काढली. "चला. मला तो तीळ बघायचाय."

"आत्ता?"

"मग काय, पत्रिका छापायची?"

ओळंब्याला शेजारी जाऊन येते म्हणाल्या आणि आम्ही निघालो. केंद्राच्या दारात त्यांनी कपडे झटकले. ताठ होऊन आत गेल्या, जशी एखादी बाई भांडायला जाते.

बाईंनी हसून खुर्ची दिली. "तुम्ही आलात, फार बरं केलंत. मी वाटच बघत होते."

वहिनी बसल्या आणि सरळ त्यांच्या हनुवटीकडे बघायला लागल्या. इतकं रोखून की बाईंनी हात लावून बघितलं, काही लागलंय का. मग वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "एवढासाच?"

बाईंनी खणातून एक चष्मा काढला. काचांच्या मधोमध काळे गोल चिकटवलेले. "आधी हा घाला. तुमच्या घरच्यांना कसं दिसतं ते कळेल. अगदी तसंच नाही, पण जवळपास."

वहिनींनी घातला. इकडेतिकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "भाऊजी, तुमचं डोकं गेलं," म्हणाल्या. मग बाईंकडे.

"मी दिसते?"

"कान दिसतो. मधे काही नाही."

"माझ्या कानावरून भिंतीकडे बघा. तीळ शोधा."

वहिनींनी प्रयत्न केला. त्या कामाला मागे हटणाऱ्या नाहीत. डोळे भिंतीवर, डोळे परत मधे. मान आपोआप वळायची, बाई म्हणायच्या मान नाही, डोळे. वहिनींनी दातओठ खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं, श्रमाचं. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि कपाळ दाबून धरलं.

"डोकं दुखायला लागलं."

"दुखतं सुरुवातीला."

"त्यांनी एवढं केलं? एका तिळासाठी?"

"हो. आणि मधेच सोडलं नाही."

मला वाटलं, आता वहिनी निवळणार. कसलं काय. त्या ताडकन म्हणाल्या, "मग माझ्यासाठी का नाही केलं? मी पण उभी राहिले होते त्यांच्यापुढे. तुमच्यासाठी घाम गाळला, मला म्हणाले काळं दिसतंय!"

बाई जराही चिडल्या नाहीत. "तुम्ही कुठे उभ्या होतात?"

"घरात."

"घरात कुठे?"

"खिडकीपुढे. म्हटलं, उजेडात उभं राहावं."

"उजेड तुमच्या तोंडावर होता की पाठीवर?"

वहिनींचा हात आपसूक पाठीकडे गेला.

"खिडकीकडे पाठ केली की तोंड अंधारात जातं. मलाही तुम्ही काळ्याच दिसाल, माझे डोळे चांगले असून. आणि खोलीत उजेड किती आहे?"

"पडदा आहे," वहिनी म्हणाल्या. "डोळे झिजू नयेत म्हणून."

"बघितल्याने डोळे झिजत नाहीत. पडदा काढा. त्यांना तुमच्यापेक्षा दुप्पट उजेड लागतो. डोळ्यावर नको, ज्या वस्तूकडे बघायचं तिच्यावर."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "हे आधी कुणी सांगितलं नाही," म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, निदान केंद्राचं तरी.

परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "वर्षभर मीच त्यांच्यापुढे काळी होऊन उभी राहिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा पडदा जमिनीवर पडलेला होता. उजेड थेट टेबलापर्यंत आला होता. कपाटावरचा दिवा खाली उतरलेला, पुसलेला. वहिनींनी खुर्ची खिडकीला आडवी लावली होती, म्हणजे उजेड एका गालावर येईल. खुर्चीमागे भिंतीवर दवाखान्याची एक गडद निळी चादर खिळ्यांना अडकवली होती. कडक इस्त्री केलेली. चुणी नाही.

"काय चाललंय?" ओळंबा विचारत होता. "काय ठोकतेयस?"

"फरशी कशी बघायचात तुम्ही?"

"काय?"

"विचारलं तेवढं सांगा. फरशी कशी बघायची?"

"आडव्या उजेडात," तो म्हणाला. "गाल टेकून."

"गाल टेकायचा तर टेका. उजेड आडवा घेतलाय." त्या खुर्चीत बसल्या. दिव्याची मान दुसऱ्या बाजूने तोंडावर वळवली. "बघा आता. कपाटाकडे बघा, माळ्याकडे बघा, कुठे बघायचं तिकडे बघा. मी काही म्हणणार नाही."

ओळंब्याने स्टूल पुढे ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेल एवढं. त्याचे डोळे उजवीकडे वर गेले. निसटले. पुन्हा गेले. मधले दिवस वाया गेले होते, ते दिसत होतं. वहिनी हात घट्ट धरून बसल्या होत्या. एक बाई इस्त्रीचे कपडे घेऊन दारात आली, मी तिला हाताने थांबवलं.

"केस," तो म्हणाला.

"केसांचं काय?"

"पांढरे झाले. सगळे."

"झाले असतील. पुढे."

"थांब, गेलं." त्याने डोळे मिटले, पुसले, पुन्हा वर नेले. "नाक. नाक आलं. तेच आहे."

"बदलून कुठून आणू? पुढे बघा."

आता तो हलत नव्हता. श्वासही घेत नव्हता बहुतेक. दारातल्या बाईने गाठोडं खाली ठेवलं.

"हनुवटीवर काय आहे?" तो म्हणाला. "उजवीकडे. खाकी."

वहिनींचा आवाज बारीक झाला. "बघून सांगताय की आठवून?"

"हे कुठून आठवणार? हे नव्हतंच कधी. भाजलंय का गं? कधी भाजलं?"

त्याने हात पुढे केला आणि अंगठा बरोबर त्या डागावर ठेवला, चाचपडला नाही. नवीन फरशीच्या सांध्यावरून तो अंगठा फिरवायचा, तसा फिरवला. वहिनी हलल्या नाहीत. मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. गाठोडंवालीलाही शेजारी बसवलं.

तो पुन्हा केंद्रात जायला लागला. पिवळे ठिपके पुन्हा चिकटले, या वेळी वहिनींनी स्वतः चिकटवले, कारण त्याने वाकडे लावले होते. आता चादरींच्या घड्या तो घालतो. टेबलावर एका बाजूला काळं कापड ताणलंय, त्यावर पांढरी चादर टाकली की काठ त्याला दिसतो. काठाला काठ जुळवायची सवय जुनीच आहे. चहाही करतो, काळ्या कपात.

मग बाई घर बघायला आल्या. वहिनींनी आदल्या दिवशी सगळी खोली धुतली होती. दारात जाऊन या म्हणाल्या, पाणी दिलं, चहा टाकला. बाईंनी खिडकी बघितली, दिवा बघितला, निळी चादर बघून म्हणाल्या, "वा! हे कुणी सुचवलं?"

"मीच," वहिनी म्हणाल्या. "बसा ना."

खुर्च्या त्यांनी आधीच मांडून ठेवल्या होत्या. निळ्या चादरीपुढची, आडव्या उजेडातली, ती स्वतःची. ओळंब्याचं स्टूल तिच्यासमोर. आणि बाईंची खुर्ची खिडकीपाशी, खिडकीकडे पाठ करून.

बाईंनी खुर्चीकडे बघितलं. मग वहिनींकडे बघितलं. आणि त्याच खुर्चीत बसल्या.